कांड्या फुल, पण नेट नाही

"मामा, कांड्या त फुल हायेत. मंग पान काहून नाई उघडून राह्यलं?"

रोहिणखेडला भाचीनं हे विचारलं तेव्हा तिच्यासमोर अभियांत्रिकी प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचं पान होतं. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती आणि पडद्यावर नुसतं गोल फिरत होतं. वायफायचं चिन्ह मात्र काठोकाठ भरलेलं. तिनं लॅपटॉप उचलून राउटरच्या अगदी पुढ्यात नेऊन ठेवला. त्यानं काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. शेवटी भाऊजींच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून फॉर्म गेला. तो लावावा हे सुचेपर्यंत पाऊण तास गेला होता, आणि तेवढ्या वेळात त्या पोरीचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून आठवतं.

घरात दुसरा रस्ता तयार होता. लॅपटॉपला त्या रस्त्याचं नाव माहीत होतं, पासवर्डही माहीत होता. तरी तो बंद रस्त्याच्या तोंडाशी हटून बसला. तो असा का वागतो आणि त्याला आपोआप वळायला कसं शिकवायचं, हे समजून घेण्यात पुढचे काही दिवस गेले.

आधी गावाबद्दल थोडं सांगतो, कारण या गोष्टीत जमिनीचा हात मोठा आहे. रोहिणखेड मोताळा तालुक्यात येतं. बुलढाणा जिल्ह्यातली माणसं आपला जिल्हा दोन शब्दांत वाटतात: घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा घाटाखाली. रोहिणखेड अगदी डोंगराच्या पायथ्याशी, म्हणजे घाट जिथून चढायला लागतो तिथं. खानदेशातून दौलताबादेकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे ठिकाण असल्यामुळे इथं लढाया झाल्या. १४३७ साली खानदेशचा नासिर खान फारुकी वऱ्हाडात उतरला आणि बहमनी सरदार खलफ हसनानं त्याचा इथंच पराभव केला. खुदावंद खान महदवी यानं १५८२ साली बांधलेली देखणी मशीद गावात आजही उभी आहे. जो डोंगर पूर्वी फौजांना अडवायचा तोच आज रेडिओलहरींना अडवतो. मोबाइलच्या लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात. टॉवर आणि गाव यांच्यामध्ये डोंगराचा खांदा आला की त्याच्या आडोशाला लहरींची सावली पडते. म्हणून पायथ्याच्या गावात एका कंपनीचं सिम ओसरीत चालतं, तर दुसऱ्या कंपनीचं फक्त गच्चीवर.

आता लॅपटॉपकडे वळू. पानापर्यंत पोहोचायला त्याला निदान तीन टप्पे ओलांडावे लागतात. पहिला लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा, बिनतारी. दुसरा राउटरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंतचा, बहुधा खांबांवरून आलेल्या फायबरचा. तिसरा तिथून बाहेरच्या जगाचा. पडद्यावरच्या कांड्या फक्त पहिल्या टप्प्याबद्दल बोलतात. लॅपटॉप राउटरची लहर किती जोरात ऐकतो ते उणे आकड्यांत मोजलं जातं. उणे ५० डेसिबल-मिलिवॅट म्हणजे उत्तम, उणे ८० म्हणजे जेमतेम. या दोन आकड्यांत ताकदीचा फरक हजारपट असतो. मातीच्या जाड भिंती आणि टिनपत्र्याचं छत असलेल्या घरांत हा आकडा खोलीगणिक बदलतो, कारण धातूचा पत्रा लहरी परतवून लावतो. पण हे सगळं पहिल्याच टप्प्यातलं. नळाची तोटी नवी असावी, पाइप धड असावा आणि टाकीत पाणीच नसावं, असा प्रकार इथं होतो. तोटीकडे पाहून टाकीचं कळत नाही.

त्या दिवशी खरी माहिती राउटरच्या अंगावर लिहिलेली होती. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' असं लिहिलेला एक बारीक दिवा असतो. फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोहोचेनासा झाला की तो लाल होतो. पावसाळ्यात फांदी पडून तार तुटते, रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दातात सापडते. प्रकाश थांबतो, पण डब्याला इन्व्हर्टरची वीज मिळत असते, त्यामुळे त्याचं वायफाय पूर्ण जोमात चालू राहतं. उलट लाईट गेली आणि डबाच बंद पडला तर लॅपटॉप काही क्षणांत दुसरं ओळखीचं वायफाय शोधतो, कारण पहिलं त्याला दिसेनासंच झालेलं असतं. म्हणजे डब्याला इन्व्हर्टर जोडून आपण एक सोय केली आणि नकळत एक अडचण ओढवून घेतली. पूर्ण मेलेलं नेटवर्क संगणकाला ओळखता येतं. अर्धं मेलेलं त्याला फसवतं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग संगणकाला इंटरनेट गेल्याचं कळतच नाही का? कळतं, आणि कळण्याची रीत मला फार आवडली. विंडोज जोडणी झाली की मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक इवलीशी फाइल मागवतं. त्या फाइलीत 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढे तीन इंग्रजी शब्द असतात, मधल्या मोकळ्या जागा धरून २२ अक्षरं. ती जशीच्या तशी आली तर बाहेरचं जग शाबूत आहे. अँड्रॉइड फोन गूगलच्या एका पत्त्याला हाक मारतो आणि २०४ क्रमांकाचं उत्तर अपेक्षितो. त्या क्रमांकाचा अर्थच 'विनंती पोहोचली, पाठवायला मजकूर काही नाही' असा आहे. ॲपलची यंत्रं 'सक्सेस' हा शब्द असलेलं पान मागतात. नुसतं काहीतरी उत्तर येऊन भागत नाही, नेमकं हेच उत्तर लागतं, यालाही कारण आहे. रेल्वे स्थानकांवर रेलवायरचं वायफाय असतं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून ते सुरू झालं. तिथं कोणतंही पान मागितलं तरी आधी मोबाइल नंबर विचारणारं पान समोर येतं. उत्तर आलं खरं, पण मागितलेलं नव्हे. ठरलेले शब्द जुळले नाहीत की यंत्र समजतं की आपण अजून दारातच आहोत.

तर संगणकाला कळतं. तो 'इंटरनेट नाही' असं लिहूनही दाखवतो. आणि तरीही हलत नाही. मला हे सुरुवातीला बिनडोकपणाचं वाटलं होतं, पण त्यामागे विचार आहे. बाहेरचं जग नसलेलं वायफायसुद्धा कामाचं असू शकतं. शाळेच्या संगणक कक्षात सगळी यंत्रं एका आतल्या यंत्राशी बोलत असतात. झेरॉक्सच्या दुकानात छपाईयंत्र वायफायवर असतं, घराच्या दारावरचा कॅमेरा वायफायवर असतो. इंटरनेट गेलं म्हणून लॅपटॉप परस्पर दुसरीकडे गेला तर चालू असलेली छपाई अर्ध्यात तुटेल. दुसरं म्हणजे हॉटस्पॉटचा डेटा मोजून मिळतो, मालकाला न विचारता त्याच्या खिशात हात घालावा का? म्हणून यंत्रणा बनवणाऱ्यांनी सावध बाजू घेतली: धरलेलं वायफाय दिसेनासं झालं तरच सोडायचं. विंडोजच्या वायफाय गुणधर्मांत 'जोडलेलं असतानाही इतर नेटवर्क शोधत राहा' अशा अर्थाची एक खूण असते. पुष्कळ जण ती करून निर्धास्त होतात. ती खूण अधिक पसंतीचं नेटवर्क टप्प्यात आलं तर तिकडे जाण्यासाठी आहे. इंटरनेट गेलं की वळण्यासाठी ती नाही.

तेव्हा आपलाच पहारेकरी नेमावा लागतो. पहारेकरी म्हणजे दहा-पंधरा ओळींचा छोटा प्रोग्राम, जो दर काही सेकंदांनी विचारतो: बाहेर कुणी आहे का? विचारण्याचं साधन जुनंच आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी नेटवर्कमधला एक बिघाड शोधण्यासाठी 'पिंग' लिहिलं. पाणबुडी आवाजाचा ठोका सोडते आणि प्रतिध्वनी ऐकून समोर काय आहे ते ओळखते. त्या ठोक्याच्या आवाजावरून हे नाव आलं. आजही खेड्यातल्या लॅपटॉपपासून मोठ्या डेटा केंद्रापर्यंत पहिली चाचणी हीच होते.

पहारेकऱ्यानं एकच प्रश्न विचारून भागत नाही, तीन विचारावेत. पहिली हाक घरच्या राउटरला, ज्याचा पत्ता बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. दुसरी बाहेरच्या एखाद्या पक्क्या पत्त्याला. गूगलनं डिसेंबर २००९ मध्ये सुरू केलेल्या नामसेवेचा, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचा, ८.८.८.८ हा पत्ता त्यासाठी सोयीचा. तिसरी हाक आकड्यानं नव्हे तर नावानं, म्हणजे एखाद्या संकेतस्थळाच्या नावानं. राउटर उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर फायबर गेलं, वळायला हवं. आकड्याचा पत्ता उत्तर देतो पण नाव सापडत नाही, तर रस्ता ठीक आहे, फक्त नावांची वही हरवली आहे. अशा वेळी नामसेवा बदलली की काम होतं, हॉटस्पॉटचा डेटा जाळायची गरज नाही. आणि राउटरच उत्तर देत नसेल तर दोष घरातल्या घरात आहे. काही नेटवर्क पिंगच अडवतात, तिथं वर सांगितलेल्या इवल्या फाइलीची चाचणी घ्यावी.

विंडोजमध्ये 'नेटश' नावाची आज्ञा विशिष्ट नावाच्या वायफायला जोडून देते, आणि 'टास्क शेड्युलर' हा कारभारी आपला प्रोग्राम लॅपटॉप सुरू होताच चालू करतो. अट एवढीच की दोन्ही वायफाय आधी एकदा हातानं जोडून त्यांचे पासवर्ड साठवलेले असावेत.

पण माझ्या पहिल्या प्रयत्नात एक मोठी चूक झाली, आणि ती सगळ्यांचीच होते. मी लिहिलं: उत्तर आलं नाही की लगेच वळ. परिणाम असा झाला की लॅपटॉप दिवसभर झोके घेत राहिला. एखादी हाक वाटेत हरवणं अगदी साधी गोष्ट आहे. घरात कुणी मोठा व्हिडिओ उघडला तरी ती हरवते. शिवाय नव्या वायफायला जोडल्यावर पत्ता मिळेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात पहारेकऱ्यानं पुन्हा हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि तो समजला की दुसराही रस्ता बंद. आला परत. म्हणून पहारेकऱ्याला दोन गोष्टी शिकवायच्या. दर दहा सेकंदांनी हाक, आणि लागोपाठ तीन हाका वाया गेल्या तरच हलायचं. हलल्यावर वीसेक सेकंद काहीही न तपासता थांबायचं. इस्त्रीचा दिवा पाहिला आहे ना? ठरलेलं तापमान आलं की वीज तुटते, पण पारा अर्ध्या अंशानं उतरला म्हणून लगेच चालू होत नाही. तो बराच उतरला की मगच लागते. सोडण्याचा आणि धरण्याचा उंबरठा वेगळा ठेवला की धरसोड थांबते. ही युक्ती शेतातल्या पंपाच्या स्वयंचलित स्विचपासून विमानाच्या नियंत्रणापर्यंत सगळीकडे वापरली जाते.

जाणं सोपं असतं, परत येणं अवघड. लॅपटॉपमध्ये सहसा वायफायचा एकच रेडिओ असतो आणि तो एका वेळी एकाच घरचा. हॉटस्पॉटवर गेल्यावर फायबर परत आलं की नाही हे इथून कसं कळणार? तिकडे जाऊन पाहिल्याशिवाय इलाज नाही, आणि जायचं तर चालू काम तुटणार. मी परतीची पाहणी वीस मिनिटांतून एकदाच ठेवली होती. याहून चांगला उपाय म्हणजे दुसरा रेडिओ घेणं, यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डोंगल. त्याहून सोपा, आणि ज्याचा आपण विचारच करत नाही असा, म्हणजे फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग चालू करणं. मग दोन्ही रस्ते एकाच वेळी खुले राहतात.

दोन रस्ते खुले असताना कोणता घ्यायचा, हे संगणक 'मेट्रिक' नावाच्या आकड्यावरून ठरवतो. आकडा म्हणजे त्या रस्त्याचा भार. ज्याचा कमी, तो रस्ता आधी. लिनक्समध्ये 'नेटवर्क मॅनेजर' हा कारभारी तारेच्या जोडणीला १०० आणि वायफायला ६०० असा भार देतो. त्याची इंटरनेट-चाचणी चालू असेल आणि एखाद्या रस्त्यावर ती नापास झाली, तर तो त्या रस्त्याच्या भारात एकदम २०,००० मिळवतो. रस्ता तोडत नाही, नुसता मागे ढकलतो. चाचणी पास झाली की भार उतरवतो. छपाईयंत्र जागेवर राहतं, कॅमेरा जागेवर राहतो, आणि पानं दुसरीकडून येतात. सगळ्या यंत्रणांत मला ही रीत सर्वांत शहाणी वाटते. त्याची चाचणी मुळात ३०० सेकंदांनी एकदा होते. तो आकडा कमी करून घ्यावा. फोन केबलनं जोडला तर संगणक त्याला तारेची जोडणी समजून पहिला मान देईल आणि फायबर असताना डेटा संपवत बसेल, म्हणून फोनचा भार हातानं वाढवून वायफायच्या वर, समजा ७०० करावा. विंडोजलाही मेट्रिक कळतं, पण इंटरनेट गेल्यावर आकडा बदलण्याचं काम तिथं आपल्या पहारेकऱ्याकडून करून घ्यावं.

रस्ता बदलताना एक नुकसान होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. संगणक आणि दूरचं यंत्र यांच्यातलं संभाषण चार गोष्टींनी ओळखलं जातं: दोघांचे पत्ते आणि दोघांचे दरवाजा-क्रमांक. आपण रस्ता बदलला की आपला पत्ता बदलतो आणि समोरच्याच्या लेखी आपण कुणी तिसरेच ठरतो. व्हिडिओ पुन्हा सुरू होतो, पण बँकेचं किंवा प्रवेशाचं पान अनेकदा बाहेर काढतं आणि ओटीपी पुन्हा मागतं. यावरही काम झालं आहे. ॲपलनं २०१३ मध्ये सिरीसाठी एकाच संभाषणाला दोन रस्ते वापरू देणारी पद्धत आणली. मे २०२१ मध्ये 'क्विक' हा नियमसंच अधिकृत झाला; त्यात प्रत्येक संभाषणाला स्वतःचा ओळखक्रमांक असतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी ओळख टिकू शकते. पण सगळी संकेतस्थळं अजून तिथवर आलेली नाहीत. भाचीला मी म्हणालो, दोन पसंती भरल्या की एकदा जतन कर.

आणि काही वेळा रस्ता बदलून काहीच होत नाही. पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांत सेवा केंद्रासमोर रांग असते आणि आतून आवाज येतो, "सर्वर डाउन हाय." तिथं बिघाड पलीकडच्या टोकाला असतो, आपण कितीही रस्ते बदलले तरी ज्या दारात जायचं तेच बंद. ८.८.८.८ उत्तर देत असेल आणि इतर पानं उघडत असतील तर हॉटस्पॉट लावत बसू नये, थोड्या वेळानं परत यावं, हे रांगेतल्या शेतकऱ्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. सकाळपासून ताटकळलेल्या माणसाचा दिवस वाचतो.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे दोन रस्ते वाटतात दोन, पण असतो एक. दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणा पुष्कळदा एकाच टॉवरवर भाड्यानं बसलेल्या असतात. टॉवरची लाईट गेली, बॅटरी उतरली, की दोन्ही सिम सोबतच मुकी. मोबाइल टॉवरलाही बाहेरच्या जगाशी जोडायला बहुतेक ठिकाणी फायबरच लागतं, आणि ते घरच्या फायबरसारखं त्याच रस्त्याच्या कडेनं गेलेलं असलं तर जेसीबीचा एक घाव दोन्ही तोडतो. २०११ मध्ये मंजूर झालेलं आणि पुढे भारतनेट नाव मिळालेलं सरकारी जाळं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत न्यायला निघालं, राज्यात महानेटही त्याच कामाला लागलं. पण पंचायतीपर्यंत एक तार येणं ही सुरुवात आहे. दुसरी तार दुसऱ्या दिशेनं येईपर्यंत पायथ्याच्या गावांना घाटातली एकच वाट आहे, आणि एकाच वाटेवर विसंबणं काय असतं हे रोहिणखेडच्या जमिनीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून दुसरं सिम घेताना स्वस्त कोणतं याआधी हे विचारावं: पहिल्याचा टॉवर कोणत्या बाजूला, दुसऱ्याचा कोणत्या? गच्चीवर उभं राहून फोन हळूहळू फिरवत कांड्या पाहिल्या तरी अंदाज येतो.

आमची तयारी झाल्यावर एका रात्री जेवणानंतर आम्ही परीक्षा घेतली. भाचीनं डब्यातून फायबरची बारीक तार काढली. एलओएसचा दिवा लाल झाला. तिघं पडद्याकडे पाहत बसलो. पहिली हाक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. वायफायचं चिन्ह क्षणभर विझलं आणि भाऊजींच्या फोनचं नाव उमटलं. जेमतेम मिनिट झालं असेल. भाचीनं तार परत बसवली, पुन्हा काढली, पुन्हा पाहिलं. तिचं समाधान होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच नेट गेलं आणि लॅपटॉप वळला नाही. दोन कारणं निघाली. कुणी जोडलेलं नसेल तर अँड्रॉइड फोन काही मिनिटांनी हॉटस्पॉट आपोआप बंद करतो. आपोआप बंद होण्याची ती खूण सेटिंगमधून काढायची राहिली होती. आणि दुसरं, भाऊजी कपाशीत डवरणी करायला शेतात गेले होते, फोन त्यांच्या खिशात.

आता माजघरातल्या कोनाड्यात एक जुना फोन चार्जरला लावून ठेवला आहे. पडदा तडकलेला, पण रेडिओ चांगला. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम आहे, ज्याचा टॉवर डोंगराच्या नव्हे, मलकापूरच्या बाजूला आहे. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला, कारण लॅपटॉप जुना आहे आणि त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड' अशी खूण केली, म्हणजे मोठमोठे अपडेट या डेटावर उतरत नाहीत. कोनाड्यावर भाचीनं खडूनं लिहिलं आहे: हा फोन हलवू नये.